कॉर्न स्नेकचे टब, रॅक आणि ऊब : सीमाभागातून वारंवार येणारे प्रश्न

बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी, अथणी, शिवाय हल्याळ आणि भालकीकडून कॉर्न स्नेक हा परदेशी, बिनविषारी साप पाळणाऱ्यांचे प्रश्न येतात आणि ते फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवले आहेत. इंटरनेटवर जी माहिती मिळते ती बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतल्या थंड घरांसाठी लिहिलेली असते. तिथल्या माणसाला खोली तापवायची चिंता. आपल्याला एप्रिलमध्ये टब, म्हणजे साप ठेवायचा प्लास्टिकचा डबा, गार ठेवायचा असतो, जुलैत कोरडा ठेवायचा असतो आणि तरीही सापाला बसायला एक उबदार कोपरा द्यायचा असतो. तो हिशेब इकडच्या हवेप्रमाणेच करावा लागतो. प्रश्नांना क्रमांक दिलेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे क्रमांक बघून जा.

१. कॉर्न स्नेकला नेमकं किती तापमान लागतं?

टबाच्या एका बाजूची जमीन २९ ते ३१ अंश सेल्सियस, दुसरी बाजू २२ ते २५ अंश. रात्री २० पर्यंत उतरलं तरी मोठ्या, तब्येतीने चांगल्या सापाला काही होत नाही. हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, फ्लोरिडा-जॉर्जियाकडचा. तिकडे तो दगडाखाली, सालीखाली, जुन्या गोठ्यांत राहतो आणि ऊन-सावलीत ये-जा करून अंग हवं तेवढं तापवतो. म्हणून सगळा टब एकसारखा ३० अंशांवर ठेवणं चूक आहे. तापलेल्या सापाला गार व्हायला जागा हवी, गार झालेल्याला तापायला. दोन्ही टोकांना लपायला एकेक आडोसा द्या, नाहीतर साप ऊब सोडेल पण आडोसा सोडणार नाही.

२. बेळगावात थंडी ती अशी केवढीशी! हीटर खरंच लागतो का?

लागतो, आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त महिने लागतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तर उघडच आहे. पण पावसाळ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बेळगावात दिवसाही पारा २५-२६ च्या वर फारसा जात नाही. म्हणजे सगळी खोलीच सापाची 'थंड बाजू' होते. अशा हवेत खाल्लेला उंदीर नीट पचत नाही.

एकाच जिल्ह्यात तीन हवा आहेत हेही ध्यानात घ्या. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस आणि ओल, बेळगाव-हुक्केरी मधलं, अथणी, रायबाग, सौंदत्तीकडे कोरडं आणि उन्हाळ्यात भट्टी. अथणीचा मित्र मार्च ते मे हीटर बंद ठेवतो म्हणून जांबोटीच्या माणसाने तसं करू नये. टबातला थर्मामीटर काय दाखवतो ते बघा, मित्र काय म्हणतो ते नंतर.

३. काचेची टाकी चांगली दिसते. मग लोक प्लास्टिकचा टब का वापरतात?

टब स्वस्त, हलका, धुवायला सोपा. त्यात ऊब आणि ओल टिकते आणि बाजूने उघडं-उघडं नसल्यामुळे पिल्लं कमी बिचकतात. माशांच्या काचेच्या टाकीला वरून जाळी लावली तर ऊब निघून जाते आणि झाकण ढिलं राहतं. कॉर्न स्नेक झाकण ढकलण्यात पटाईत. पण टबाला उंची नसते आणि हा साप चढणारा आहे, फांदी मिळाली की वापरतो. पिल्लाला टब उत्तम. मोठा साप घरचा सदस्य म्हणून एकटाच ठेवायचा असेल, तर माझं मत पुढून उघडणाऱ्या मोठ्या पेटीला आहे. सुताराकडून प्लायची पेटी आणि सरकती काच करून घेतली की पुरते.

४. किती मोठा टब घ्यावा?

अंड्यातून निघालेलं पिल्लू वीतभरापेक्षा थोडं लांब, वजनाने ६-८ ग्रॅम. त्याला साधारण ३० बाय २० सेंटिमीटरचा टब पुरतो. ६०-७० सेंटिमीटरचा झाला की ४५ बाय ३०. पूर्ण वाढलेला कॉर्न स्नेक ९० ते १५० सेंटिमीटर भरतो. टबाची लांबी आणि रुंदी मिळून सापाच्या लांबीएवढी ही अगदी किमान मर्यादा समजा. १२० सेंटिमीटरच्या सापाला ८० बाय ५० म्हणजे 'चालतंय' एवढंच. १२० बाय ६० मिळालं तर तो अंग सरळ पसरू शकतो, आणि ती सोय त्याला मिळायलाच हवी. हा साप १५-२० वर्षं जगतो. शेवटच्या टबाचा विचार पहिल्या दिवशीच करून ठेवा.

पिल्लाला मोठा टब दिला तर घाबरतं, खात नाही, असं म्हणतात. रिकामा मोठा टब असेल तर खरं आहे. नारळाची करवंटी, पुठ्ठ्याच्या नळ्या, झाडाची साल, चुरगळलेला कागद भरपूर टाकला तर तेच पिल्लू बिनघोर फिरतं.

५. टबाला भोकं किती, कुठे आणि कशी पाडायची?

लांबीच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर, म्हणजे हवा आरपार जाते. पिल्लाच्या टबाला ३ मिलिमीटरची, मोठ्याच्या टबाला ५-६ मिलिमीटरची भोकं. डोकं जाईल तिथून साप जातो, हा नियम. सोल्डरिंग आयर्नने पाडलीत तर अंगणात बसून पाडा, त्या धुराने डोकं धरतं. आतल्या बाजूला उरलेली प्लास्टिकची कडा नखाने चाचपून बघा आणि पॉलिश पेपरने घासा. कात टाकताना साप तिथेच अंग घासतो.

किती भोकं? खानापूरकडे भरपूर, अथणीकडे बेताची. आधी थोडी पाडा, सकाळी टबाच्या भिंतीवर आतून पाणी साचलेलं दिसलं तर वाढवा. पाडलेलं भोक बुजवणं जास्त कटकटीचं.

६. रॅक म्हणजे नेमकं काय? एकच साप असेल तर रॅक घ्यावा का?

रॅक म्हणजे खणांचं कपाट. टब ड्रॉवरसारखे आत सरकतात, वरचा कप्पाच खालच्या टबाचं झाकण होतो आणि मागच्या बाजूने सगळ्या कप्प्यांना एका पट्टीने ऊब मिळते. पैदास करणाऱ्याला, खूप पिल्लं असणाऱ्याला, नवीन साप वेगळा ठेवायला ही रचना सोयीची आहे. सोय माणसाची, हे मात्र मान्य करा. एका सापासाठी रॅक घेऊ नका. त्या पैशात पेटी, फांदी, चांगला थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला ऊब चालू-बंद करणारं यंत्र) आणि वर थोडे उंदीर येतात.

७. दादा, थर्मोस्टॅट नसला तर नाही का चालणार? टबाखालची तापणारी मॅट तर फक्त ७ वॅटची आहे.

नाही चालणार. ७ वॅट कमी वाटतात, पण मॅटला हवा लागत नसेल तर ती उष्णता साठत जाते आणि टबाखालचा पृष्ठभाग ४० अंशांच्या वर सहज जातो. सापाला पोटाखालचा चटका आपल्यासारखा पटकन कळत नाही. तो तिथेच बसून राहतो आणि पोटाचे खवले भाजतात. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, व्होल्टेजची. मॅटची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. २३० च्या जागी २६० व्होल्ट आले तर मॅट सव्वापटीहून जास्त तापते. रात्री गावातले पंप बंद झाले की व्होल्टेज चढतं, आणि तेव्हा तुम्ही झोपलेले असता.

'एसटीसी-१०००' सारखा साधा चालू-बंद करणारा कंट्रोलर मॅटसाठी पुरतो. त्याच्या मागे २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात, म्हणून तो डब्यात बसवूनच वापरा. चालू होणं आणि बंद होणं यांतला फरक ०.५ ते १ अंश ठेवा. रॅक असेल तर दुसरा एक थर्मोस्टॅट त्याच लाइनवर, ३५ अंशांवर लावून ठेवा. पहिल्याचा रिले, म्हणजे आतला स्विच, चिकटला की दुसरा लाइन तोडतो. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) हवाच, कारण पाण्याची वाटी कधी ना कधी उपडी होतेच.

८. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, कुठे लावायचा?

टबाच्या बाहेर, मॅट आणि टबाचा तळ यांच्या मध्ये, टेपने घट्ट. आत ठेवलेला प्रोब साप हलवतो, त्यावर पाणी सांडतो, कधी त्यावरच शी करतो. मग थर्मोस्टॅटला वाटतं थंडी आहे आणि तो मॅट पेटती ठेवतो. बाहेरचा प्रोब आणि आतली जमीन यांत दोन-तीन अंशांचा फरक पडतो, म्हणून आतलं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने किंवा वेगळ्या डिजिटल थर्मामीटरने मोजा आणि त्याप्रमाणे थर्मोस्टॅटचा आकडा वर-खाली करा. भिंतीला चिकटवायचे गोल काट्याचे मीटर बाजारात मिळतात, त्यांवर विसंबू नका.

आत अंथरूण जाड असेल तर वर २८ दिसतं आणि खाली ३४ असतं. साप उकरून खालीच जातो. म्हणून तळाचं तापमान मोजा, वरचं नाही.

९. हीट मॅट कुठली घ्यावी? बल्ब लावला तर? कंबर शेकायचा पॅड आहे घरात...

टबाच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश तळ व्यापेल एवढीच मॅट घ्या, २३० व्होल्टची. परदेशातून नातेवाइकांनी आणलेली ११० व्होल्टची मॅट आपल्या प्लगला थेट लावली तर ती चौपटीहून जास्त वीज ओढते. वास येईपर्यंत वेळ मिळाला तर नशीब. टब आणि मॅट यांच्यात चार-पाच मिलिमीटर पोकळी राहील असे रबरी पाय लावा.

कंबर शेकायचा पॅड नको. तो फार तापतो आणि बरेचसे पॅड ठरावीक वेळाने आपोआप बंद होतात. पोल्ट्रीतला ब्रूडर बल्ब प्लास्टिकच्या टबाजवळ आणूच नका, टब वितळतो. साधा बल्ब रात्रभर पेटता ठेवला तर सापाची रात्र होत नाही. मोठ्या लाकडी पेटीत जाळीच्या आवरणातला हॅलोजन दिवसा लावता येतो, पण त्यालाही थर्मोस्टॅट लागतो आणि तो चालू-बंद प्रकारचा नव्हे, डिमिंग (वीज हळूहळू कमी-जास्त करणाऱ्या) प्रकारचा. तापणारे नकली दगड मिळतात, ते दुकानातच राहू द्या.

१०. उद्यमबागेत ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून रॅक करून घेतोय. त्याला काय काय सांगू?

आधी टब विकत घ्या, मग माप द्या. हा क्रम उलटा झाला की रॅक तयार होतो आणि त्या मापाचा टब मिळत नाही. एकाच बॅचचे टब घ्या, दोन-चार जास्त घ्या. पुढच्या वर्षी कंपनी साचा बदलते.

टबाची कड आणि वरचा कप्पा यांच्यातली फट पिल्लांच्या रॅकला ३ मिलिमीटरपेक्षा कमी हवी. फॅब्रिकेटरला हे कागदावर लिहून द्या, कारण त्याच्या दृष्टीने ५ मिलिमीटर म्हणजे 'फिटिंग एक नंबर'. चौकट ॲल्युमिनियम अँगलची किंवा पावडर कोटिंग केलेल्या लोखंडाची, कप्पे पीव्हीसी फोम शीटचे. साधं प्लाय खानापूरच्या पावसात फुगतं आणि टब अडकतात. लोखंडी चौकटीला अर्थिंग द्या. मागच्या बाजूला हीट पट्टीसाठी उथळ खाच ठेवायला सांगा, म्हणजे टब आत-बाहेर करताना पट्टी घासली जात नाही. पट्टीवर टबाचं वजन पडून ती खरवडली गेली की तिथेच ठिणगी पडते. रंग, डिंक यांचा वास पूर्ण गेल्याशिवाय साप ठेवू नका. दोन आठवडे उघड्यावर राहू दे.

टब पुढे ओढला गेला तर थांबायला अडसर, आणि मागे जास्त जाऊ नये म्हणून पट्टी, हे दोन्ही विसरले जातात.

११. खालच्या टबात २९ आणि सगळ्यात वरच्यात ३३. थर्मोस्टॅट बिघडलाय का?

नाही. ऊब वर चढते आणि प्रत्येक कप्पा खालच्या कप्प्याच्या जिवावर थोडा जास्त तापतो. एका प्रोबवर सगळा रॅक चालत असेल तर प्रोब वरून दुसऱ्या-तिसऱ्या कप्प्याला लावा, म्हणजे सर्वांत गरम टब धोक्यात येत नाही. खालचे थोडे गार राहतील. तिथे मोठे साप ठेवा, वर पिल्लं. सहा-सात कप्प्यांच्या वर रॅक असेल तर दोन भाग करून दोन थर्मोस्टॅट लावणं बरं. नवा रॅक सापाशिवाय आठवडाभर चालवा आणि प्रत्येक टबाचं तापमान सकाळ-दुपार-रात्र वहीत लिहा.

१२. पावसात रात्र-रात्र लाइट नसते. साप मरेल का?

मरणार नाही. तब्येतीने चांगला कॉर्न स्नेक १८-२० अंशांवर काही दिवस सहज काढतो. त्या दिवसांत खायला मात्र देऊ नका; नुकतंच खाल्लेलं असेल तर गोधडीत गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली टबाला बाहेरून टेकवा. आत ठेवू नका.

इन्व्हर्टर असेल तर हिशेब सोपा आहे. ८ वॅटच्या सहा मॅट म्हणजे ४८ वॅट, आणि थर्मोस्टॅटमुळे त्या साधारण अर्धा वेळच चालू असतात. १५० अँपिअर-अवर, १२ व्होल्टच्या बॅटरीत १,८०० वॅट-अवर असतात. त्यातले निम्मे वापरायचे ठरवले तरी रात्र आरामात निघते, पंखा-टीव्ही त्यावर नसतील तर. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मॅट आणि चालू-बंद थर्मोस्टॅट नीट चालतात, डिमिंगवाले चाळे करतात. लाइट परत आल्यावर थर्मोस्टॅटचा आकडा तोच आहे ना, तेवढं बघा.

१३. बिल किती वाढेल?

१२ मध्ये सांगितलेल्या सहा मॅटच्या रॅकला दिवसाला अर्ध्या युनिटच्या थोडं वर, महिन्याला साधारण १७-१८ युनिट. एका टबाला तीन युनिट.

१४. एप्रिल-मेमध्ये काय करायचं? खोलीच ३६ अंश होते.

इकडे साप थंडीपेक्षा उन्हाळ्यात जास्त दगावतात. ३३ अंशांच्या वर तासन् तास राहिलं की साप ताणात येतो, ३५ च्या पुढे जिवावर बेततं. मॅट थर्मोस्टॅट स्वतः बंद करेल, पण खोली गार करणं त्याच्या हातात नाही.

साप घरातल्या सर्वांत गार खोलीत न्या. माळ्यावर, पत्र्याखाली, गच्चीलगतच्या खोलीत एप्रिलनंतर एकही टब नको. जुन्या कौलारू घरांत माजघर किंवा देवघराच्या बाजूची जमिनीलगतची जागा दुपारी सर्वांत गार असते. रॅकचे वरचे कप्पे रिकामे करा (११ बघा). पाण्याचं भांडं मातीचं आणि सापाला पूर्ण बसता येईल एवढं मोठं द्या. फ्रीजरमधली बाटली फडक्यात गुंडाळून टबाच्या शेजारी, बाहेर ठेवा. ओलं फडकं टबावर आणि समोर पंखा हा उपाय अथणी-भालकीच्या कोरड्या हवेत छान चालतो, कारवारच्या दमट हवेत उपयोग नाही. एसी असेल तर २६ वर पुरे.

साप सतत पाण्यात बसलेला दिसला, की आधी थर्मामीटर बघा. तापमान ठीक असेल तर अंगावर काळे बारीक किडे, म्हणजे माइट्स, आहेत का ते बघा.

१५. आम्ही खानापूरच्या पलीकडे राहतो. जून ते सप्टेंबर कपडेसुद्धा वाळत नाहीत. टबाचं काय?

कॉर्न स्नेकला ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरते. तुमच्याकडे पावसाळ्यात खोलीतच त्याहून खूप जास्त असते. तापमान कमी आणि ओल जास्त ही जोडी सर्वांत वाईट: पोटाच्या खवल्यांवर तपकिरी डाग आणि फोड येतात, छातीत कफ होतो. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज दिसला तर घरगुती उपाय करत बसू नका, सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर गाठा. तो बहुधा पुणे, मुंबई किंवा बंगळूरलाच मिळेल, म्हणून नंबर आधीच काढून ठेवा.

या चार महिन्यांत अंथरूण काढून नुसता कागद घाला आणि ओला दिसला की बदला. पाण्याची वाटी लहान करा आणि ती थंड बाजूला ठेवा. मॅटवर ठेवलेली वाटी म्हणजे दिवसभर वाफ. भोकं वाढवा (५ बघा). मॅट बंद करू नका, तिच्यामुळेच एक बाजू कोरडी राहते. रॅक भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, भिंती पाझरतात.

कात टाकायच्या वेळी, डोळे निळसर झाले की, उन्हाळ्यात ओलसर आडोसा लागतो: झाकणाच्या डब्याला भोक, आत ओलं शेवाळ किंवा ओला टिश्यू. खानापूरच्या पावसाळ्यात त्याची गरज पडत नाही.

१६. खाली काय अंथरायचं? आमच्याकडे भुसा, तूस, बगॅस (उसाचं चिपाड) सगळं फुकट मिळतं.

फुकट मिळणारं जवळजवळ सगळं टाळा. सॉमिलचा भुसा कुठल्या लाकडाचा ते मालकालाही माहीत नसतं. देवदार आणि चीडसारख्या लाकडातली वासाची तेलं सापाला घातक. भाताचं तूस धुळीचं आणि टोकदार. बगॅसमध्ये साखर उरलेली असते, ओल लागली की बुरशी. जुना पेपर सर्वांत बिनधोक, तो घरोघरी असतो. कोकोपीट चांगलं, पण धुऊन वाळवून. टबात कोरडंच हवं आणि सापाला पुरेल इतकं जाड. अॅस्पेनचा भुसा उत्तम, ऑनलाइन मागवावा लागतो, महाग पडतो.

१७. रॅकला मुंग्या लागतात. औषधाची खडू मारू का? आणि धुवायला फिनेल चालेल?

दोन्ही नको. मुंग्यांच्या खडूतलं आणि फवाऱ्यातलं कीटकनाशक सापालाही बाधतं. आजीच्या दुधाच्या कपाटाची युक्ती वापरा: रॅकच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. डासांची कॉइल आणि उदबत्ती त्या खोलीत नको, टबातला धूर सापाला टाळता येत नाही.

फिनेलमध्ये फिनॉलच्या जातीची रसायनं असू शकतात आणि ती सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी आहेत. साबणाने धुवा, मग एक भाग ब्लीच दहा भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटं ठेवा, भरपूर पाण्याने खळबळून उन्हात वाळवा. वास गेल्यावरच साप आत.

१८. साप कायम गरम बाजूलाच बसतो. (किंवा: कायम थंड बाजूलाच.)

खाल्ल्यावर दोन दिवस गरम बाजूला बसणं नैसर्गिक आहे. कायमच तिथे असेल तर टब एकंदर गार आहे किंवा थंड बाजूचा आडोसा त्याला आवडत नाही. कायम थंड बाजूला असेल तर गरम बाजू फार गरम आहे. ८ प्रमाणे तळाचं तापमान मोजा. मोजमाप ठीक असेल तर दोन्ही आडोशांची अदलाबदल करून बघा. लोक तापमानाशी महिनाभर झगडतात आणि शेवटी गोष्ट आडोशाची निघते.

१९. हिवाळ्यात खात नाही, किंवा खाऊन उलटी करतो.

न खाणं आणि उलटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वजन टिकून असलेला मोठा नर डिसेंबर-जानेवारीत महिना-दोन महिने खात नाही, त्याचं फार मनावर घेऊ नका. उलटी झाली तर मात्र तीन गोष्टी तपासा: गरम बाजू खरंच २९ च्या वर आहे का, उंदीर फार मोठा होता का, खाल्ल्यावर लगेच हाताळलं का. मग १०-१४ दिवस काहीही न देता, नंतर नेहमीपेक्षा निम्म्या आकाराचा उंदीर. दुसऱ्यांदा झाली तर डॉक्टर.

मॅट जमीन तापवते, हवा नाही. रात्री खोली १५-१६ वर येत असेल तर रॅकच्या मागे आणि दोन्ही बाजूंना थर्मोकोल लावा, भोकं न झाकता. मॅटला आणि वायरला मात्र तो टेकू देऊ नका.

२०. शीतनिद्रा द्यावी लागते का?

पाळीव सापाला नाही. पैदास करणारे १०-१५ अंशांवर दोन-तीन महिने ठेवतात, आणि आपल्या हवेत इतकं तापमान सलग टिकत नाही. अर्धवट थंडी, म्हणजे १८-२० वर ठेवून मधूनच खायला घालणं, याने नुकसानच होतं.

२१. दोन साप एका टबात?

नको. एकमेकांना गिळल्याची उदाहरणं आहेत, आणि उलटी कुणाची तेही कळत नाही. नवीन साप तर ६० ते ९० दिवस वेगळ्या खोलीत, कागदावर. रॅकमध्ये एका टबातले माइट्स सगळ्या टबांत जातात.

२२. घरामागे तस्कर सापडला. दिसायला कॉर्न स्नेकसारखाच आहे, टबात ठेवू?

नाही. तस्कर, धामण, कवड्या, नाग, सगळे इथले साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येतात. पकडून ठेवणं गुन्हा आहे. सर्पमित्र किंवा वनखात्याला कळवा. रानातल्या सापाबरोबर रॅकमध्ये आजार येतो तो वेगळाच.

२३. मग कॉर्न स्नेक तरी पाळता येतो का? चंदगडहून आणला तर कर्नाटकात चालतो?

कायदा केंद्राचा आहे, सीमेच्या दोन्ही बाजूंना तोच. १९७२ च्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यानुसार साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतले परदेशी प्राणी अनुसूची ४ मध्ये आले आणि २०२४ च्या नियमांनी त्यांची परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली. बॉल पायथन त्यात येतो. कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीत नाही, त्यामुळे ही नोंदणी त्याला लागू होत नाही. परवान्याशिवाय परदेशातून आणणं मात्र सरळ तस्करी. विमानतळांवर बॅगांत साप सापडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. विकणाऱ्याकडून बिल आणि साप कुठल्या पैदाशीचा हे लेखी घ्या. बिल देत नसेल तर तिथून निघा. यादी बदलत असते, शंका असेल तर घेण्याआधी वनखात्याच्या कचेरीत विचारा.

२४. नागपंचमीला शेजारच्या काकू दूध घेऊन येतात. काय सांगू?

दूध सापाला पचत नाही, आणि टबात सांडलं तर मुंग्यांना आमंत्रण. काकूंना प्रेमाने सांगा, वाटीत ताजं पाणी त्यांच्याच हातून भरून घ्या. हळद-कुंकू टबाबाहेर, सापाच्या अंगावर नाही.

२५. साप निसटला!

खोलीचं दार लावा, दाराखाली टॉवेल कोंबा. तो बहुधा घरातच असतो, उबदार आणि अरुंद जागी: फ्रीजच्या मागे, इन्व्हर्टरच्या खाली, स्टॅबिलायझरजवळ, पुस्तकांच्या कपाटात, बुटांत. वॉशिंग मशीन चालवू नका. रात्री दिवे मालवून टॉर्च घेऊन भिंतीच्या कडेने बघा. दारांच्या उंबऱ्यांवर पिठाची बारीक रेघ ओढून ठेवा, सकाळी कुठल्या खोलीत गेला ते कळतं. जमिनीवर एक टब आडवा ठेवा, आत त्याचाच वापरलेला आडोसा आणि खाली मॅट.

शेजाऱ्यांना लगेच सांगा, लाज बाळगू नका. पाठीवरचे पट्टे-ठिपके बघून लोक त्याला घोणस समजतात आणि आधी काठी घेतात. उलट चूकही होते: घराबाहेर 'तुमचाच साप' म्हणून कुणी दाखवला तर ओळख पटल्याशिवाय हात घालू नका, ती खरोखरच घोणस असू शकते. जवळच्या सर्पमित्राकडे तुमच्या सापाचा फोटो आधीच देऊन ठेवा.

सापडला की पाणी द्या, दोन दिवस खायला देऊ नका, मग निसटला कुठून ते शोधा. पिल्लाच्या टबात ज्या फटीत पेन्सिल जाते, ती फट मोठी आहे.